टाय दिसतो, वाचन दिसत नाही

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचं ठरवलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. राज्यकर्त्याला तेव्हा पालकाच्या मागे लागावं लागत होतं. आज कोल्हापूर घ्या, पुणे घ्या, नांदेड घ्या, प्रवेशाचा हंगाम आला की पालकच शाळेच्या मागे धावताना दिसतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, भाडेकरार, जन्मदाखला यांचा गठ्ठा घेऊन तो सेतू केंद्र आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यात हेलपाटे घालतो, सोडतीचा निरोप आला का म्हणून दर तासाला मोबाइल उघडून बघतो. मुलांना शिकवायचंच, हे आता महाराष्ट्रातल्या कोणत्याही थरातल्या आईबापांना पटवून द्यावं लागत नाही. अडचण पुढची आहे. शाळा निवडण्याचा हक्क त्यांच्या हाती आला, पण निवडायचं कशावरून, हे कुणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांतून एक निवडायला पालकांना मदत करायची, तर अर्ज भरून देणं पुरत नाही. त्या शाळेत मुलं शिकतात का, ही गोष्ट पालकांना दिसली पाहिजे. ती झाकलेली राहील तोवर पालक जे दिसतं त्यावरून ठरवणार. आणि तसं ठरवल्याने शाळा सुधारत नाहीत, नुसत्या ओस पडतात.

या शाळा किती तऱ्हेच्या आहेत, याचा अंदाज शिकल्यासवरल्या पालकांनाही नसतो. गावात जिल्हा परिषदेची, शहरात महापालिकेची किंवा नगरपालिकेची शाळा सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या शेजारी अनुदानित शाळा असते: कारभार खासगी संस्थेचा, शिक्षकांचा पगार सरकारचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी खेड्यापाड्यांतलं माध्यमिक शिक्षण अशाच शाळांतून उभं केलं. आदिवासी भागात आश्रमशाळा आहेत. केंद्र सरकारची केंद्रीय विद्यालयं आहेत, पण तिथे बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना आधी प्रवेश मिळतो. नवोदय विद्यालय निवासी आणि मोफत आहे, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. मात्र प्रवेश सहावीला आणि तोही परीक्षा देऊन. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते आणि अलीकडे तिने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाखाली सीबीएसई, आयसीएसई, केंब्रिज, आयबी या मंडळांच्याही शाळा काढल्या आहेत. शिवाय शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या आहेत. या जागा सोडतीने मिळतात आणि त्या मुलांचं शुल्क सरकार भरतं.

कागदावर ही यादी भरगच्च दिसते. पहिलीला मूल घालणाऱ्या आईच्या बाजूने पाहिली की ती झटकन आटते. नवोदय पाच वर्षं दूर आहे आणि ती चाळणी आहे, जिल्ह्यातली मोजकी मुलं तिच्यातून पुढे जातात. केंद्रीय विद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी. पंचवीस टक्क्यांची जागा लागली तर लागली. लागली तरी कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच. नववीत त्याच शाळेचं पूर्ण शुल्क घरच्यांसमोर उभं राहतं, आणि सोडतीत नाव आल्याच्या आनंदात हा हिशेब फार थोड्या घरांत होतो. अल्पसंख्याक संस्थांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या कायद्यातून सूट आहे, म्हणून घराशेजारची नामांकित शाळा या प्रवेशांच्या पोर्टलवर सापडत नाही आणि का सापडत नाही ते कळत नाही. अशा साध्या, कोरड्या गोष्टी वेळेवर सांगणं ही मदतीची पहिली पायरी. तीही आज बहुतेक ठिकाणी इंटरनेट कॅफेवाला चढवतो, तासाचे पैसे घेऊन.

सांगणारं कुणीच नाही, असं मात्र नाही. उन्हाळ्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक वाडीवस्तीवर दारोदार फिरतात. पट घसरला की शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून ‘आमच्याकडे घाला, पुस्तकं मोफत, पोषण आहार आहे, सेमी इंग्रजी आहे’ असं त्यांना सांगावं लागतं. दुसऱ्या बाजूने खासगी शाळेची पिवळी बस गावात येते, चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर टाय लावलेली गोरीगोमटी मुलं हसत असतात. दोघांचंही पोट त्या प्रवेशावर अवलंबून आहे. यात शिक्षकांचा दोष नाही, संस्थाचालकांचाही सगळा नाही. पण पालकांना माहिती देणारे दोन्ही जण गिऱ्हाईक शोधणारे असावेत आणि तिसरा, निर्हेतुक माणूस गावात एकही नसावा, ही व्यवस्थेची उणीव आहे.

मग पालक काय पाहून ठरवतात? इंग्रजी माध्यम, गणवेश, बस, कुंपणाची भिंत, शौचालय, आणि आपल्या ओळखीतली कुणाची मुलं तिथे जातात ते. या निवडीला ‘इंग्रजीचं खूळ’ म्हणून हिणवणं मला पटत नाही. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या किती लेखकांची, प्राध्यापकांची, अधिकाऱ्यांची नातवंडं मराठी शाळेत आहेत, हे पालक बघत असतात. नोकरीच्या जाहिराती इंग्रजीत निघतात, निकाल इंग्रजीत लागतात, डॉक्टर चिठ्ठी इंग्रजीत लिहितात. ज्या भाषेत सत्ता बोलते ती मुलाला यावी असं बापाला वाटणं शहाणपणाचंच आहे. त्याची चूक कुठे होते? इंग्रजी माध्यमाच्या पाटीखाली मुलाला इंग्रजी येतं, हे तो गृहीत धरतो. ते तपासायचं साधन त्याच्याकडे नाही. पाटी दिसते, टाय दिसतो; वर्गात पोरगं वाचतंय की पाठ केलेलं बोलतंय, ते दिसत नाही. ज्या बापाला स्वतःला इंग्रजी येत नाही त्याला तर मुळीच नाही.

पाटी बदलल्याने शिकणं बदलतं का, याची नीट तपासणी आपल्या शेजारच्या राज्यात झालेली आहे. एकसंध आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी खेड्यांतल्या काही मुलांना चिठ्ठ्या टाकून खासगी शाळेचं शुल्क देऊ केलं आणि ज्यांना चिठ्ठी लागली नाही त्यांच्याशी तुलना केली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडच्या मुलांत फरक नव्हता. हिंदीत खासगी शाळेतली मुलं पुढे होती, कारण सरकारी शाळा त्या इयत्तांत हिंदी जवळजवळ शिकवतच नव्हत्या. पण खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता. हा निष्कर्ष दोन्ही पक्षांना सारखाच गैरसोयीचा आहे. खासगीत घातलं म्हणजे मूल जास्त शिकलं, हा समज टिकत नाही. आणि इतका पैसा खर्चून सरकारी शाळा पुढे का नाही, याचं उत्तरही सरकारी शाळेच्या कैवाऱ्यांना द्यावं लागतं. पालकांसाठी यातून निघणारा अर्थ सरळ आहे: शाळा कोणत्या जातीची, यावरून ती कशी आहे ते कळत नाही. एकाच तालुक्यातल्या दोन जिल्हा परिषद शाळांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागत होती. पण अशा शाळा पालकांना बातमीतून कळतात. आपल्या शेजारच्या शाळेबद्दल मात्र बातमी येत नाही.

अशी बातमी पालकांना कळवता येते आणि कळवल्याने फरक पडतो, याचाही पुरावा आहे. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि असीम ख्वाजा यांनी ११२ गावांत मुलांच्या चाचण्या घेतल्या. निम्म्या गावांत घरोघर एक प्रगतिपत्रक दिलं: तुमच्या मुलाचे गुण, त्याच्या शाळेची सरासरी आणि गावातल्या इतर सगळ्या शाळांची, सरकारी आणि खासगी, सरासरी. वर्षभरात त्या गावांतल्या मुलांचं शिकणं लक्षात येण्याइतकं वाढलं आणि खासगी शाळांचं शुल्क १७ टक्क्यांनी उतरलं. सुधारणा मुख्यतः मुलं इकडून तिकडे गेल्याने झाली नाही. आहे त्याच शाळांत शिकवणं सुधारलं. पालकांना दिसतंय, एवढं कळल्यावर शाळा हलल्या.

घाईने टाळ्या वाजवू नयेत म्हणून उत्तर प्रदेशातला जौनपूर जिल्हाही सांगितला पाहिजे. तिथे ‘प्रथम’ या संस्थेने गावोगाव सभा घेतल्या, ग्रामशिक्षण समितीचे अधिकार लोकांना समजावले, मुलांना वाचता येतं का हे लोकांनीच तपासावं म्हणून साधी चाचणी शिकवली. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदींनी केलेल्या अभ्यासात दिसलं की त्याने सरकारी शाळेतला लोकांचा सहभाग वाढला नाही. गावातल्याच तरुणांनी शाळेबाहेर घेतलेल्या वाचनवर्गांना जी मुलं गेली, ती मात्र वाचायला शिकली. दोन ठिकाणी दोन निकाल का? माझं अनुमान असं: पंजाबात माहिती तुलनेची होती, शाळेचं नाव घेऊन होती आणि तिच्यावरून पालक लगेच काही करू शकत होते. जौनपुरात माहिती मिळाली, पण पुढे एका दूरच्या समितीचं दार होतं, आणि ते ठोठावूनही उघडेल अशी कुणाला खात्री नव्हती. नुसतं जागं करून भागत नाही. जाग्या झालेल्या माणसाच्या हाताला धरायला काही तरी लागतं.

महाराष्ट्रात हे धरायला काय आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं तिचं काम. लाखभर शुल्क घेणाऱ्या विनाअनुदानित शाळेत पालकांना एवढा अधिकार नसतो. पण झेडपीच्या शाळेत मूल घालणाऱ्या आईला प्रवेशाच्या वेळी हे कुणी सांगतं का? बहुतेक ठिकाणी समितीची सभा म्हणजे वहीवर अंगठा किंवा सही. आणि माहितीचं म्हणाल तर ती ढिगाने आहे. देशातल्या प्रत्येक शाळेला यूडायस या शाळांच्या नोंदणीचा अकरा अंकी क्रमांक आहे. खोल्या, शिक्षक, पट, शौचालयं, संगणक यांची नोंद दरवर्षी होते. राज्यभर पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात, शिक्षक रात्री जागून गुण पोर्टलवर भरतात. ही माहिती शाळेकडून वर, केंद्रप्रमुखाकडे, गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, पुण्याकडे जाते. खाली, पालकांकडे, समजेल अशा रूपात परत येत नाही.

आता सर्वांत भारी आक्षेप. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेली गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते: एखादी संस्था बिघडायला लागली की गुणवत्तेची सर्वांत जास्त चाड असलेली माणसं आधी बाहेर पडतात, आणि नेमका त्यांचाच आवाज तिला सुधारू शकला असता. उदाहरण म्हणून त्यांनी सरकारी शाळाच घेतल्या होत्या. आपल्याकडे हे डोळ्यांदेखत झालं. आधी सरपंचाचा मुलगा गेला, मग शिक्षकाचा, मग किराणा दुकानदाराचा. मागे उरल्या त्या शेतमजुराच्या मुली, ज्यांच्या आईला सभेला यायचं तर रोज बुडवावा लागतो. पट वीसच्या खाली आला की शाळाच ओझं वाटू लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण विभागाने मागवले, ते याच वाटेवरचं पाऊल होतं. मग शाळाशाळांची तुलना जाहीर केली तर दुबळ्या शाळा आणखी लवकर मरणार नाहीत का? सहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून दुसऱ्या गावच्या चांगल्या शाळेत जाणार आहे का?

आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी निवडीला सर्वरोगहारी औषध मानत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा देणं ही नियमाने सरकारवर असलेली जबाबदारी आहे. पालकांना निवड दिली म्हणून ती फिटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने याच्या उलटा डाव टाकला: किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून मोकळीक. पोर्टलवर मुख्यतः सरकारी शाळाच उरल्या आणि अर्ज फार थोडे आले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुन्या पद्धतीने प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा अर्ज कितीतरी वाढले. जुलैमध्ये तो बदल रद्दच झाला. सरकार म्हणत होतं, शेजारी आमची शाळा आहे ना! पालकांनी त्यावर आपलं मत दिलं. पण सरकारला जर आपल्या शाळेची खात्री होती, तर ती दाखवण्याची संधी तेव्हाच होती: हे बघा, आमच्या शाळेतली तिसरीची इतकी मुलं वाचतात. त्याऐवजी दुसरं दार बंद केलं गेलं.

शाळा तर अंधारातही रिकाम्या होतच आहेत. आज चांगली जिल्हा परिषद शाळाही मुलं गमावते, कारण ती चांगली आहे हे फ्लेक्सशी झगडून सांगायचं साधन तिच्याकडे नाही. झाकून ठेवण्याचा फायदा वाईट सरकारी शाळेला आणि वाईट खासगी शाळेलाही होतो. नुकसान सोसते ती मन लावून शिकवणारी दोनशिक्षकी शाळा. म्हणून तुलना करायची ती शहाणपणाने. दहावीच्या निकालाची टक्केवारी, शिष्यवृत्तीधारकांचे फोटो, असली मोजमापं शाळेपेक्षा घरची परिस्थिती जास्त सांगतात. विचारायचं ते असं: पहिलीत आलं तेव्हा मूल कुठे होतं आणि तिसरीच्या अखेरीस कुठे पोचलं? ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत २००५ पासून वापरलं जाणारं मोजमाप कुणालाही कळतं: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, गणितात हातच्याची वजाबाकी आणि साधा भागाकार. हे मराठीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीत, सगळ्या शाळांत सारखं तपासून शाळेच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर एका पानात लावावं. सोबत चार ओळी: किती वर्गांना किती शिक्षक, त्यातला कोण किती वर्षांपासून इथे आहे, निवडणूक, मतदारयादी आणि सर्वेक्षणं यांत शिक्षकांचे किती दिवस गेले, आणि आठवीनंतर इथली मुलं कुठे जातात. या पानावर शिक्षकाला शिक्षा करण्यासारखं काही नाही. शिक्षक कमी असतील तर ते सरकारच्या नावावर दिसेल. निकाल कमी लागलेल्या शाळेला पैसा आणि माणूस आधी मिळावा, ही अट या पानासोबतच हवी. नाही तर आक्षेप घेणारे बरोबर ठरतील.

हे पान होईपर्यंत पालकांनी वाट बघत बसू नये. शाळा चालू असताना जावं, प्रवेशाच्या दिवशी नको. दुसरी-तिसरीतल्या मुलाला त्याने न पाहिलेलं पान वाचायला सांगावं. वह्या बघाव्यात: नुसतं फळ्यावरचं उतरवलेलं आहे, की मुलाचं स्वतःचं वाक्य आहे आणि त्यावर बाईंनी काही लिहिलं आहे? मागे राहिलेल्या मुलाचं तुम्ही काय करता, असं विचारावं आणि उत्तर ऐकावं. ‘पालकांचं लक्ष नाही’ एवढंच उत्तर आलं तर शाळा ओळखावी. व्यवस्थापन समितीची शेवटची सभा कधी झाली ते विचारावं. जाण्यायेण्याचे तास मोजावेत, कारण बसमध्ये रोज जाणारे दोन तास मुलाच्या खेळातून आणि झोपेतून वजा होतात. आणि माध्यम ठरवताना स्वतःला एक प्रश्न करावा: मुलाला न समजलेलं घरी कोण समजावणार?

हे प्रश्न ज्या आईला जमत नाहीत, तिच्यासाठी सरकारने तो निर्हेतुक माणूस उभा केला पाहिजे. तिच्या मुलाला पहिलीआधी तीन वर्षं ओळखणारी व्यक्ती गावात असतेच: अंगणवाडी सेविका. तिला पटाचं लक्ष्य नाही, शुल्कात वाटा नाही. आधीच रजिस्टरं आणि ॲपखाली वाकलेल्या सेविकेवर हे काम फुकट लादू नये, त्याचं मानधन द्यावं, आणि शहरात हेच काम वॉर्ड पातळीवरच्या केंद्राने करावं. पोर्टलवर खर्च होणाऱ्या पैशापुढे ही रक्कम मोठी नसेल.

शेवटी पालकांशीही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शाळा निवडली की आपलं काम संपलं, हे खासगी शाळेने शिकवलेलं गिऱ्हाइकाचं मन आहे. सरकारी शाळेत घालणारा पालक गिऱ्हाईक नसतो, कायद्याने तो कारभारात भागीदार असतो. ती शाळा पसंत पडली नाही तर जायचा हक्क त्याला आहेच. पण जाण्याआधी एकदा त्या समितीच्या सभेत उभं राहून ‘तिसरीची किती मुलं वाचतात?’ असं विचारण्याचाही आहे. सरपंचाच्या मुलाबरोबर हा प्रश्न विचारणारा माणूस शाळा सोडून गेला, तेव्हापासून तो सभेत विचारलाच गेला नाही. तो पुन्हा विचारला जावा, आणि विचारणाऱ्याच्या हातात आकडा असावा, यासाठी जे काही करू ती पालकांना खरी मदत.